गुरुवारची माळ आणि यार्देनचं पाणी

सोलापुरात गुरुवार म्हटला की अक्कलकोट. नवी पेठेतली दुकानं उघडायच्या आत स्टँडवर स्वामींच्या दर्शनाला निघालेल्यांची गर्दी झालेली असते आणि गल्ल्यामागच्या स्वामी समर्थांच्या तसबिरीला ताजा हार पडलेला असतो. त्याच गुरुवारी संध्याकाळी शहरातल्या मोजक्या कॅथॉलिक घरांत रोझरीची माळ हातात घेतली जाते आणि घरातलं कुणीतरी जाहीर करतं: प्रकाशाचं पहिलं रहस्य, यार्देन नदीत येशूचा बाप्तिस्मा. मग एकदा ‘आमच्या पित्या’, दहा वेळा ‘नमो मरिया’, शेवटी त्रैक्याचा गौरव. तीन-चार मिनिटांत दशक संपतं आणि माळ काना गावच्या लग्नाकडे सरकते.

या तीन-चार मिनिटांत नेमकं काय घडतं, हा माझा प्रश्न आहे. बाप्तिस्मा आयुष्यात एकदाच होतो. तो पुन्हा घेता येत नाही, पुसून टाकता येत नाही, अशी चर्चची शिकवण आहे. जे एकदाच घडलं, आणि बहुतेक कॅथॉलिकांच्या बाबतीत कळायला लागायच्याही आधी घडलं, त्याच्याकडे दर आठवड्याला परत का यायचं? मला वाटतं, डोक्यावर पाणी एकदाच ओततात, पण त्या पाण्यात उतरणं काही त्या दिवशी संपत नाही. प्रापंचिक माणसाला ते उतरणं चालू ठेवायला चर्चने जी साधनं दिली, त्यांतलं सगळ्यांत साधं म्हणजे ही माळ. आणि यार्देनकाठी जे घडलं ते नीट पाहिलं, तर बाप्तिस्म्याबद्दल आपल्याकडे चर्चच्या आत आणि बाहेर जे समज रुजले आहेत त्यांतले बरेचसे टिकत नाहीत.

माळेचा इतिहास थोडक्यात सांगायला हवा. मठांतले संन्यासी बायबलमधली दीडशे स्तोत्रं म्हणत. ज्यांना वाचता येत नव्हतं ते त्यांच्या जागी दीडशे प्रार्थना म्हणू लागले. पुढे त्यांची पंधरा रहस्यांत मांडणी झाली आणि १५६९ मध्ये पोप पाचवे पायस यांनी या भक्तीवर शिक्कामोर्तब केलं. या पंधरांत येशूचा जन्म आणि बालपण होतं, यातना आणि मरण होतं, पुनरुत्थान आणि गौरव होता. मधली वर्षं मात्र नव्हती. मंदिरात हरवलेला बारा वर्षांचा मुलगा सापडायचा आणि पुढच्याच रहस्यात गेथशेमानेच्या बागेत रक्ताचा घाम गाळणारा माणूस भेटायचा. ही उणीव माल्टाचे धर्मगुरू जॉर्ज प्रेका यांना जाणवली होती. प्रकाशाच्या रहस्यांची कल्पना त्यांनी १९५७ मध्येच मांडली. १६ ऑक्टोबर २००२ रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी एका पत्राद्वारे पाच नवी रहस्यं सुचवली: बाप्तिस्मा, कानाचं लग्न, देवराज्याची घोषणा, रूपांतर आणि पवित्र मिस्साबलिदानाची स्थापना. त्यांच्यासाठी गुरुवार ठरला.

यावर नाराज झालेले भाविक आजही आहेत. दीडशेचे दोनशे झाले, स्तोत्रांशी असलेलं नातं तुटलं, असं ते म्हणतात. त्यांच्या मनातल्या परंपरेच्या ओढीचा मला आदर आहे, पण मुद्दा पटत नाही. बाप्तिस्मा २००२ साली माळेत बाहेरून आणून बसवला, असं म्हणताना आपण माळेचा आरंभच विसरतो. क्रूस हातात घेऊन आपण पहिली खूण करतो ती पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने. बाप्तिस्मा दिला जातो तो याच नावाने. त्यानंतर येतो प्रेषितांचा विश्वासांगीकार. तो उगवला तो बाप्तिस्म्याच्या पाण्याशीच. प्राचीन रोमच्या चर्चमध्ये पाण्यात उभ्या असलेल्या माणसाला तीन प्रश्न विचारत: पित्यावर विश्वास आहे? पुत्रावर? आत्म्यावर? ही प्रश्नोत्तरं जोडली जाऊन आपला अंगीकार तयार झाला. पुढचे तीन मणी श्रद्धा, आशा आणि प्रीतीसाठी म्हणतात. हे तीन सद्गुण बाप्तिस्म्यात देवाकडून मिळतात, असं धर्मशिक्षण सांगतं. म्हणजे सोमवार असो की शनिवार, आनंदाची रहस्यं असोत की दुःखाची, माळेच्या उंबरठ्यावर बाप्तिस्मा उभाच असतो. त्याला ओलांडल्याशिवाय कुणालाही आत जाता येत नाही. जॉन पॉल यांनी उंबरठ्यावरच्या त्या पाहुण्याला घरात आणून बसवलं, इतकंच.

आता त्या दहा मण्यांकडे येऊ. रोझरी म्हणजे तोंडाने यंत्रासारखं पुटपुटणं, हा आक्षेप मी पुष्कळदा ऐकला आहे. ओठांवर ओळखीचे शब्द चालू असतात ते मनाला एका जागी धरून ठेवण्यासाठी. नामस्मरण करणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. पहिल्या मण्यावर नदीचा काठ दिसतो. लोक रांगेत आहेत. योहान त्यांना पश्चात्तापाचा बाप्तिस्मा देतो आहे. जकातदार आहेत, शिपाई आहेत, आपल्या पापांचा पाढा स्वतःच वाचणारी माणसं आहेत. दुसऱ्या-तिसऱ्या मण्यावर त्या रांगेत नासरेथचा एक सुतार दिसतो. योहान त्याला ओळखतो आणि अडतो. मत्तयने हे सविस्तर सांगितलं आहे: मीच तुझ्याकडून बाप्तिस्मा घ्यायला हवा आणि तू माझ्याकडे येतोस? येशू त्याला आता होऊ दे म्हणतो. पाचव्या-सहाव्या मण्यावर पाणी अंगावर येतं. ही नदी जिथे मृत समुद्राला मिळते तो भाग समुद्रसपाटीपासून सुमारे चारशे मीटर खाली आहे. पृथ्वीवर याहून सखल उघडी जमीन नाही. देवाचा पुत्र उतरला तो तिथे. मग आकाश उघडतं, कबुतरासारखा आत्मा येतो, पित्याची वाणी होते. लूक एक बारीक गोष्ट नोंदवतो, ती मला फार मोलाची वाटते. आकाश उघडलं तेव्हा येशू प्रार्थना करत होता, आणि सगळ्या लोकांबरोबर त्याचाही बाप्तिस्मा झालेला होता. वाणी ऐकू आली ती गर्दीतल्या माणसाला. दहाव्या मण्यापर्यंत आत्मा त्याला अरण्यात घेऊन निघालेला असतो, उपासाकडे आणि मोहाकडे.

या दृश्यात मरिया कुठेच नाही. मग तिला नमस्कार करत हे रहस्य का म्हणायचं? जॉन पॉल यांनी ही अडचण लपवली नाही. प्रकाशाच्या पाच रहस्यांत मरिया ठळकपणे दिसते ती फक्त काना गावात, हे त्यांनी त्याच पत्रात मान्य केलं. तिथे ती नोकरांना एवढंच सांगते की तो सांगेल तसं करा. तिचे हे शब्द उरलेल्या चारही रहस्यांच्या मागे ऐकू येतात, असं त्यांचं म्हणणं. मला यात भक्तीचा एक शहाणपणा दिसतो. मुलगा घर सोडून नदीकडे गेला त्या दिवशी त्याची आई मागे घरी राहिली. तिच्याबरोबर हे रहस्य म्हणणं म्हणजे त्या मागे राहिलेल्या बाईच्या जागेवर बसून मुलाकडे पाहणं. सोलापूरच्या किती घरांतून मुलं पुण्याला, मुंबईला, दुबईला निघून गेली आहेत! त्या घरांतल्या आयांना ही जागा कुणी समजावून सांगायला नको.

माळेत मरियेला नमस्कार का, हा प्रश्न सोलापुरात पुस्तकी नाही, कारण इथला ख्रिस्ती समाज मुख्यतः प्रोटेस्टंट आहे. अमेरिकन मराठी मिशनने एकोणिसाव्या शतकात इथे चर्च उभारलं, शाळा काढल्या. कॅथॉलिक संख्येने थोडे, पुणे धर्मप्रांताचा एक दूरचा कोपरा. प्रोटेस्टंट शेजाऱ्याला माळ खटकते, आणि त्याची कारणं प्रामाणिक आहेत. पण पाणी दोघांचं एकच आहे. पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने पाण्याने झालेला प्रोटेस्टंट बाप्तिस्मा कॅथॉलिक चर्च ग्राह्य धरतं. पंथ बदलला तरी तो पुन्हा देत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये ख्रिस्ती ऐक्याची भाषा केली तिचा पाया हाच. वीस रहस्यांपैकी प्रोटेस्टंट माणसाच्या स्वतःच्या अंगावरून गेलेलं एखादं रहस्य असेल, तर ते हे. सोलापुरात दोन्ही चर्चची माणसं वर्षातून एकदा तरी एकत्र बसून यार्देनचं हे दृश्य वाचतील, हे मला अजिबात अशक्य वाटत नाही.

ज्याला पाप नाही तो पापी लोकांच्या रांगेत का उभा राहिला? या प्रश्नावर बाप्तिस्म्याचा सगळा अर्थ तोलला जातो. सोलापूरच्या माणसाला असाच एक प्रश्न ऐकून माहीत आहे. नवी पेठेतून सिद्धेश्वर तलाव लांब नाही. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी तो लोकांसाठी खोदवला, लिंगं स्थापिली, आयुष्य लोककल्याणात घातलं. परंपरा सांगते की वीरशैव संत अल्लमप्रभू त्यांच्याकडे आले, त्यांच्या या सगळ्या कामाला त्यांनी प्रश्न विचारले आणि त्यांना कल्याणला नेलं. तिथे चन्नबसवण्णांकडून सिद्धरामांची इष्टलिंगदीक्षा झाली. जो आधीच एवढा मोठा योगी, त्याला दीक्षा कशासाठी? वीरशैव ग्रंथांत यावर मोठी चर्चा आहे. दोन्ही गोष्टी एकच आहेत असं मी म्हणत नाही. सिद्धराम तिथे काही मिळवतात, काही सोडतात. येशूला मिळवण्यासारखं काही नव्हतं. पण मोठ्या माणसाने दुसऱ्यापुढे मान वाकवली की आपल्याला अडचणीत टाकणारा प्रश्न उभा राहतो: दीक्षा माणसाला इतरांच्या वर नेते, की इतरांमध्ये आणून सोडते? यार्देनचं उत्तर निःसंदिग्ध आहे. येशू पाण्यात उतरला तो लोकांपासून वेगळा होण्यासाठी नव्हे. पापाचं ओझं घेऊन आलेल्यांच्या खांद्याला खांदा लावून तो उभा राहिला. देवाने त्याला आपला पुत्र म्हटलं ते तो तिथे उभा असताना.

आपल्या जिल्ह्यात दीक्षा आणि माळ यांचं नातं सांगायला पुस्तक लागत नाही. पंढरपुरात वारकरी होणं म्हणजे तुळशीची माळ घालणं. गळ्यात ती आहे तोवर वारी, एकादशी आणि मांस-मद्याचा त्याग यांची आठवण गळ्यातच असते. ख्रिस्ती माणसाकडे दीक्षेची अशी अंगावरची खूण नाही. पाणी वाळून जातं. माथ्याला लावलेलं तेल त्याच संध्याकाळी आंघोळीत निघून जातं. लहानपणी बाप्तिस्मा झालेल्याकडे तर आठवणही नसते.

नवी पेठेत बाळाच्या बाप्तिस्म्यासाठी पांढरा झगा घ्यायला आलेलं कुटुंब मी पाहिलं आहे. दुकानदाराने आधी गुलाबी, निळे, जरीचे असे किती तरी झगे काउंटरवर पसरले. पांढराच हवा म्हटल्यावर त्याला नवल वाटलं, पण त्याने फळीवरून एक शुभ्र झगा काढून दिला. आजीने कापड बोटांत चुरगाळून पाहिलं, बाळाला टोचेल का म्हणून आतली शिवण उलटी केली. तो झगा एकाच रविवारी अंगावर येतो. मोठ्या मेणबत्तीवरून पेटवून बापाच्या हातात दिलेली छोटी मेणबत्ती पुढे कपाटात पडून राहते. बाळ तेवढ्या वेळात झोपलेलं असतं किंवा रडत असतं. त्याच्या नावाने सैतानाला नकार आणि देवाला होकार आईवडील आणि धर्ममातापिता देतात.

अजाण बाळाच्या नावाने असं वचन देण्यात काय अर्थ, असं लोक विचारतात. मला तो प्रश्न रास्त वाटतो, आणि त्याला मनापासून दिलेलं उत्तर मला माळेत सापडतं. दुसऱ्यांनी आपल्यासाठी दिलेला होकार माणसाला पुढे स्वतः द्यावा लागतो, आणि तो एका दिवसात देऊन होत नाही. ईस्टरच्या आदल्या रात्री चर्चमध्ये बाप्तिस्म्याच्या वचनांचं नूतनीकरण होतं, ते वर्षातून एकदा. गुरुवारी ते दहा मण्यांवर होतं. पोप फ्रान्सिस लोकांना वारंवार सांगत की आपल्या बाप्तिस्म्याची तारीख शोधून ती लक्षात ठेवा. आपल्याकडे वाढदिवसाला केक येतो. बाप्तिस्म्याची तारीख मात्र लग्नाच्या वेळी दाखला काढताना प्रथमच कळते.

आणि हा दाखलाच आपल्या महाराष्ट्रात, गोव्यात बाप्तिस्म्याची मुख्य ओळख होऊन बसला, ही दुःखाची गोष्ट आहे. त्याहून दुःखाची गोष्ट सक्तीची: गोव्यात पोर्तुगीज सत्तेने मंदिरं पाडली, अनाथ मुलांना बाप्तिस्मा देण्याचे कायदे केले, १५६० मध्ये इन्क्विझिशन आणलं. राजाने दरडावून आणलेल्या माणसाच्या डोक्यावर ओतलेल्या पाण्याला यार्देनचं पाणी म्हणायला माझी जीभ रेटत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये श्रद्धेत सक्ती नको हे स्पष्ट शब्दांत मांडलं, ते फार उशिरा. माळेवरही लढायांचे डाग आहेत. सात ऑक्टोबरचा रोझरीमातेचा सण १५७१ च्या लेपांतोच्या आरमारी विजयातून आला आहे. त्याच गोव्यात १५७९ साली आलेले इंग्रज येशूसंघी फादर थॉमस स्टीफन्स यांनी नव्या ख्रिस्ती लोकांची पुराणाची भूक ओळखली. १६१६ मध्ये राचोलला छापलेल्या त्यांच्या ‘क्रिस्तपुराणा’त अकरा हजारांच्या आसपास ओव्या आहेत. त्यांना ठाऊक होतं की पाणी क्षणात ओतता येतं, पण कथा माणसाच्या कानात, तोंडात आणि घरात मुरायला पिढ्या लागतात. रोझरी हेच काम करते, थोडक्या शब्दांत.

बाप्तिस्म्याची भिंत झाली की घरात काय होतं, हे मराठी माणसाला लक्ष्मीबाई टिळकांनी शिकवलं. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत झाला आणि संसार दुभंगला. लक्ष्मीबाई पंढरपुरात नातलगांकडे राहिल्या. पुढे त्या परतल्या, आणि सोवळ्या-ओवळ्याची, जातीपातीची बंधनं त्यांच्या मनातून गळाली ती बाप्तिस्म्याच्या आधी. त्यांचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचताना मला दरवेळी वाटतं की त्या पाण्यात उतरल्या तेव्हा अर्धी नदी चालून आल्या होत्या. स्वतः टिळक अखेरीस या भिंतीला इतके कंटाळले की १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी ख्रिस्ताचा दरबार भरवायचं ठरवलं. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांना सारखीच जागा होती. दोन वर्षांत ते गेले आणि दरबार राहून गेला. टिळकांचं दुखणं मला पूर्ण पटतं, पण उपाय अर्धा पटतो. बाप्तिस्मा ऐच्छिक करून भिंत पडत नाही, कारण भिंत पाण्याने बांधलीच नव्हती. ती बांधली गोऱ्या साहेबाच्या वर्चस्वाने आणि आपल्या जातींनी. यार्देनची रांग टिळकांच्या दरबारासारखीच होती. तिच्यात बाप्तिस्मा होता आणि तरी कुणी बाहेर नव्हतं.

जातीची भिंत तर अजून उभी आहे. सोलापूर आणि अहिल्यानगर जिल्ह्यांतले बहुसंख्य ख्रिस्ती पूर्वाश्रमीच्या महार-मांग समाजातले. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये तो शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना मिळाला. ख्रिस्ती दलित बाहेरच राहिले. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुदुच्चेरीच्या एका प्रकरणात अनुसूचित जातीचा दाखला नाकारला, तेव्हा लहानपणी झालेल्या बाप्तिस्म्याची नोंदही विचारात घेतली. कायद्याच्या दृष्टीने त्या पाण्याने जात धुऊन निघाली. गावाच्या दृष्टीने मात्र निघाली नाही, आणि खेदाने लिहावं लागतं की कितीदा चर्चच्या दृष्टीनेही निघाली नाही. ख्रिस्ती स्थळं जमवताना मूळ कुठले, हे आडून आडून विचारलं जातंच. असं विचारणारा माणूस गुरुवारी माळ हातात घेतो तेव्हा त्याला पहिल्या मण्यावर रांग दिसायला हवी, आणि त्या रांगेत आपल्या पुढे-मागे कोण उभं आहे हेही. माळेतला बाप्तिस्मा त्याच्याकडे हीच मागणी करतो. आत्म्यासाठी मन मोकळं राहावं, हे या रहस्याचं फळ मानतात. शेजाऱ्याला दार बंद असलेलं मन आत्म्याला उघडं असतं, असं शुभवर्तमानात कुठेही सापडत नाही.

येशूने पुढे स्वतःच्या मरणालाही बाप्तिस्मा म्हटलं. लूकच्या शुभवर्तमानात तो म्हणतो की मला एक बाप्तिस्मा घ्यायचा आहे आणि तो होईपर्यंत मी किती तगमगतो आहे. पौलाने रोमकरांना लिहिलं की आपला बाप्तिस्मा झाला तो त्याच्या मरणात. म्हणून आठवड्यातही गुरुवारच्या प्रकाशामागून शुक्रवारी दुःखाची रहस्यं येतात, आणि त्यांतलं पहिलं गेथशेमानेचं. तिथेही तोच पुत्र त्याच पित्याला हाक मारतो. यार्देनकाठी प्रार्थना करताना आकाश उघडलं होतं. या वेळी पित्याचा आवाज येत नाही, तरीही तो होकार मागे घेत नाही. बाळाच्या डोक्यावर पाणी ओतताना आपण त्याला कशात सामील करून घेतो, हे पांढऱ्या झग्याच्या आनंदात कुणी त्या आईवडिलांना सांगत नाही. ते सांगायला हवं, बाप्तिस्म्याच्या तयारीच्या वर्गात, स्पष्टपणे, आणि सोबत त्यांच्या हाती एक माळही द्यायला हवी.